स्वप्नात बाजूला काढलेला चिमटा

आमच्या आत्याला सकाळी स्वप्न आठवलं नाही असे दिवस तिच्या आयुष्यात तीसच. त्या तीस दिवसांबद्दल मी तिच्या हॉस्पिटलला अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही पुरतं केलेलं नाही, पण ते ओघात येईलच.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो: आई, बाबा, मी आणि ती. तिची खोली सगळ्यांत लहान. एक खाट, भिंतीतलं कपाट आणि शेजारच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडणारी खिडकी. घरात कायदे फारसे नव्हते. बाबा कधी रागावत नसत आणि आई रागावली तरी पाच मिनिटांत विसरून जायची. एक कायदा मात्र कडक होता. सकाळी आत्या उठून स्वयंपाकघरात येईपर्यंत, आणि येऊन तिचं स्वप्न सांगून होईपर्यंत, तिच्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही. अळीमिळी गुपचिळी. दारावरच्या घंटीची तार बाबांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. दूधवाला बिचारा दारावर नखाने खरवडायचा.

स्वप्न धरून ठेवायची तिची एक पद्धत होती आणि तिला त्या पद्धतीचा इतका अभिमान होता की कुणी विचारलं नाही तरी सांगायची. "जाग आली ना, की डोकं हलवायचं नाही. कूस बदलली की संपलं. डोळे मिटलेलेच ठेवायचे. शेवटचं जे दिसलं ते धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं, हळूहळू. घाई केलीस की हातात काही राहत नाही."

मग ती उठायची, भरलेलं भांडं घेऊन चालावं तशी जपून चालत यायची, खुर्चीवर बसायची आणि सांगायची. दोन वाक्यं, फार तर चार. "बसमध्ये बसले होते. बसला चाकं नव्हती, तरी सगळे मला म्हणत होते, ब्रेक दाब." किंवा, "माझे दात पडले. मी ते धुऊन, मोजून डबीत ठेवले." सांगून झालं की "झालं" म्हणायची आणि चहाचा कप पुढे ओढायची. त्यानंतर घरात भांडी वाजवायला, नळ सोडायला आणि भांडायला मोकळीक असे.

आई कधी चुकून म्हणाली, "वन्सं, दात पडलेले दिसणं काही चांगलं नसतं हं," तर आत्या उसळायची. "अर्थ विचारला का मी तुला, वहिनी? दिसलं ते सांगितलं." तिला अर्थ नको होता, भविष्य नको होतं, आणि लिहून ठेवणंही नको होतं. एका वाढदिवसाला मी तिला जाडजूड डायरी दिली, तर तिने तिच्यात पाहुण्यांचे पत्ते उतरवले.

मी स्वतः या बाबतीत ठार कोरडी. आजतागायत मला एक स्वप्न धड आठवलेलं नाही. आठ वर्षांची असताना मला याची इतकी लाज वाटली की एका सकाळी मी ठोकून दिलं: मी उंच झाडावर चढले, फांदी मोडली, आणि मी पडत असतानाच एका पांढऱ्या पक्ष्याने मला उचलून घरी आणून सोडलं. आत्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "खोटं." मी रडकुंडीला आले. "कशावरून?" तर म्हणाली, "याला शेवट आहे. खऱ्याला शेवट नसतो, मधेच दिवे जातात." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "पण पक्षी छान होता."

तिचं लग्नही झालं होतं. दोन वर्षं टिकलं. मोठी झाल्यावर मी एकदा कारण विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर निघेल. ती म्हणाली, "माणूस वाईट नव्हता गं. पण माझे डोळे उघडायच्या आधी रेडिओ लावायचा. सांगून पाहिलं, विनवून पाहिलं, भांडून पाहिलं. तो म्हणायचा, तुझ्या झोपेतल्या फालतू गोष्टींसाठी मी बातम्या बुडवू का? मग मी त्याला त्याच्या बातम्यांबरोबर ठेवून निघून आले." लोकांनी तिला वेड्यात काढलं. तिने लोकांना काडीची किंमत दिली नाही.

अशी बाई कामात वेंधळी असणार असं कुणालाही वाटेल. होतं उलटंच.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात एक लांबट खोली होती. ऑपरेशनची हत्यारं तिथे धुवायची, तपासायची, कापडात बांधायची, वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करायची आणि वर पाठवायची. आत्या तिथे अठ्ठावीस वर्षं पॅकर होती. प्रत्येक ऑपरेशनचा एक सेट, प्रत्येक सेटला नंबर, ट्रेमध्ये ठरलेल्या जागी कात्र्या, चिमटे, हुक. पॅकरने एकेक वस्तू उचलून उजेडात धरायची, तपासायची, मोजायची, दुहेरी कापडात बांधायची आणि वर एक चिकटपट्टी लावायची. वाफ नीट लागली की त्या पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या होतात. शेवटी रजिस्टरमध्ये सेटचा नंबर, वेळ आणि सही.

चिमटे तपासायची रीत तिने मला घरी दाखवली होती. रक्त थांबवायला शीर पकडतात त्या चिमट्याला, बोटं घालायच्या कड्यांजवळ, दातेरी खटका असतो. खटका बसला की हात सोडला तरी चिमटा धरून राहतो. आत्या खटका पहिल्या दातावर बसवायची, चिमटा टोकाकडून धरायची आणि कड्यांची बाजू तळहातावर आपटायची. मिटलेला राहिला तर पास. टक्कन उघडला तर दुरुस्तीच्या लाल ट्रेमध्ये रवानगी. माझ्या केसांच्या निम्म्या क्लिपा तिने अशाच आपटून नापास केल्या होत्या.

"सही म्हणजे काय?" ती म्हणायची. "हे माझ्या हाताने झालं आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं. वर सर्जन त्या सहीच्या भरवशावर माणसाचं पोट उघडतो. तो मला ओळखतसुद्धा नाही."

आता तो गुरुवार. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, एका शाळेत भूगोल शिकवत होते. त्या दिवशी शाळेत तपासणी होती आणि माझ्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती. आत्या तिच्या त्या जपून चालण्याने खोलीतून बाहेर येत होती, आणि मी सरळ तिच्या अंगावर जाऊन ओरडले, "आत्या, माझी किल्ली पाहिलीस का?" आईने कपाळावर हात मारून घेतला. आत्या जागच्या जागी थांबली. म्हणाली, "फ्रिजवर आहे." किल्ली खरंच फ्रिजवर होती. मी ती घेऊन जिन्यावरून पळत सुटले. आत्या खुर्चीवर बसली, काहीतरी शोधत असल्यासारखी बराच वेळ बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "गेलं." हे मला आईने नंतर सांगितलं.

गेलं असतं तर बरं झालं असतं. बुधवारी दुपारी आत्याच्या टेबलावर चौदा नंबरचा सेट होता. त्यातल्या बारा चिमट्यांपैकी दहा तपासून झाले आणि तिची पाळी संपली. तिने ट्रेवर कापड टाकलं आणि ती घरी आली. रात्री झोपेत तिने उरलेले दोन तपासले. अकरावा चांगला निघाला. बारावा तळहातावर टक्कन उघडला, म्हणून तिने तो लाल ट्रेमध्ये टाकला आणि त्याच्या जागी कपाटातला नवा ठेवला. स्वप्न एवढंच. एरवी ते चहाच्या आधी सांगितलं गेलं असतं, वर "झालं" म्हटलं गेलं असतं आणि ते त्याच्या जागी जाऊन पडलं असतं. पण मधे माझी किल्ली आली. चित्र तिच्या डोक्यात राहिलं आणि ते कुठलं आहे याची चिठ्ठी तेवढी गळून पडली. आत्या स्वप्न विसरली नाही, ते स्वप्न होतं हे विसरली. कामावर जाऊन तिने कापड उचललं, चिमटे मोजले, बारा भरले, सेट बांधला आणि सही केली.

शुक्रवारी ऑपरेशनमध्ये तो चिमटा शिरेवरून सुटला. शीर बारीक होती, सर्जनने लगेच दुसरा लावला, पेशंटच्या केसालाही धक्का लागला नाही. पण सर्जनने तो चिमटा भिंतीवर भिरकावला आणि दहा मिनिटांत मुख्य सिस्टर तळघरात हजर झाल्या. त्या आत्याच्या खात्याच्या प्रमुख. बाई कडक, पण आत्याला मानणाऱ्या. त्यांनी आत्याला वाटसुद्धा काढून दिली. "वर कुणाच्या हातून पडला असेल का हो? तुम्ही तपासला तेव्हा चांगला असेल." दुसरी कुणी असती तर "हो" म्हणून मोकळी झाली असती.

आत्या म्हणाली, "नाही सिस्टर. तो खराबच होता. पण तो मी बाजूला काढलाय, थांबा, दाखवते." आणि ती लाल ट्रेपाशी गेली. ट्रेमध्ये काही नव्हतं. ती तिथे कितीतरी वेळ उभी होती म्हणे. मग रिकाम्या हातांनी परत आली. "सिस्टर," ती म्हणाली, "मी तो स्वप्नात काढला."

वाफेच्या मशीनवरचा माणूस, ज्याला सगळे वाफोबा म्हणत, खो खो हसत सुटला. मग दुसरं कुणीच हसत नाही हे बघून गप्प झाला.

प्रकरण हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडे गेलं. साहेब आवाज न चढवता बोलणारे, समोरच्याला पाणी विचारणारे. अशा माणसाशी भांडणं फार जिवावर येतं. त्यांनी आत्याला सांगितलं, "बाई, मी झोपेच्या डॉक्टरांशी बोललोय. एक गोळी आहे. घेतली की सकाळी स्वप्नं आठवत नाहीत. रोज एक घ्यायची. दर महिन्याला तुम्ही आणि घरच्या एका माणसाने सही करून द्यायची, की गोळी चालू आहे. प्रश्नच मिटला." आणि गोळी नको असेल तर? तर सहीचं काम बंद.

आईने विनवलं. "वन्सं, सहाच वर्षं राहिलीत नोकरीची. घ्या ना. कॅल्शियमची घेता तशी ही." आत्याने घेतली. मला वाटतं, त्या पेशंटच्या विचाराने ती आतून हादरली होती आणि तिच्यात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. पहिल्या महिन्याच्या कागदावर तिच्या सहीखाली मी सही केली.

गोळीने चोख काम केलं. आत्या अंथरुणाला पाठ टेकायची ती सकाळी दगडासारखी उठायची. तळघरात तिच्या हातून एकही चूक झाली नाही. घरी ती सगळ्यांच्या आधी चहा पिऊन तयार असायची, कुणी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायची. आणि आता लाज वाटते ते सांगते: आम्हाला ते आवडलं. आईने पहाटे मिक्सर लावला. बाबांनी घंटीची तार पुन्हा जोडली. मी बाथरूममध्ये मोठ्याने गाणी म्हटली. एवढी वर्षं आपण उगीच तोंड दाबून बसलो असं माझ्या मनात येऊन गेलं. आत्या दिवसेंदिवस शहाण्या पाहुणीसारखी वागत होती आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एकविसाव्या सकाळी आई चहा गाळता गाळता सहज म्हणाली, "काय वन्सं, आज काही दिसलं का?"

आत्याने आम्हा तिघांकडे एकदा बघून घेतलं आणि सांगायला लागली. "नदी होती. काठाला एक होडी लागलेली होती, रिकामी. मी तिच्यात बसले तर ती आपली आपणच निघाली. पलीकडच्या काठावर आपली आई उभी होती, दादा. तिने मला हात दिला आणि वर घेतलं."

"अगंबाई, किती छान," आई म्हणाली. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मी मात्र मनात मोजत होते. होडी निघाली, काठ आला, आई भेटली, हात मिळाला. चांगला गाठ मारलेला शेवट होता त्याला.

"आत्या," मी म्हणाले, "खोटं आहे हे."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून." मग तिने कप खाली ठेवला आणि ती रडायला लागली. "मी झोपते आणि उठते. मधलं काही नाही. रोज रात्री कुणीतरी घर साफ करून नेतंय आणि मी स्वतःच त्याला दार उघडून देतेय."

त्या दिवसापासून तिने गोळी बंद केली. माझा संताप संताप झाला होता. हॉस्पिटलवर, साहेबांवर, आणि सगळ्यांत जास्त बाथरूममध्ये गाणाऱ्या माझ्यावर. घरातला कायदा पुन्हा लागू झाला. पण स्वप्नं काही लगेच परत आली नाहीत. नऊ दिवस ती सकाळी येऊन बसायची, मान हलवायची आणि चहा ओढून घ्यायची. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो नाही. दहाव्या दिवशी ती जपून चालत आली, बसली आणि म्हणाली, "हिरवी बादली."

"आणि?" आई पुटपुटली.

"बास. बादली. झालं."

बाबा उठले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घंटीकडे गेले.

त्याच आठवड्यात महिन्याचा कागद आला. गोळी चालू असल्याबद्दल सही, खाली घरच्या माणसाची सही. आईचा तोडगा तयार होता. "सही करा आणि गोळी बेसिनमध्ये टाका. कोण बघायला येतंय?" बाबांनीही मान डोलावली. खरं सांगते, मीही पेन शोधायला उठले होते.

"मी न केलेल्या कामावर सही करू?" आत्या म्हणाली. "चिमट्याच्या वेळी चुकून केली. आता समजून उमजून करू?" तिचा आवाज चढला होता. किती दिवसांनी चढला होता. "चल गं," ती मला म्हणाली, "तुझी सही लागते ना, तूही चल. साहेबांना तोंडावर सांगून येऊ."

साहेबांची खोली चौथ्या मजल्यावर होती. दोन खुर्च्या समोर, मुख्य सिस्टर बाजूला बसलेल्या, मांडीवर चुकांची नोंद ठेवायचं रजिस्टर. साहेबांनी पाणी विचारलं. आत्याने नको म्हटलं.

"काम उत्तम चाललंय असं सिस्टर सांगतात. मग कागद का अडला, बाई?"

"गोळी बंद केलीय साहेब. पंधरवडा होत आला. म्हणून सही नाही."

साहेबांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "या पंधरवड्यात चूक नाही. एकही."

मला राहवलं नाही. मी किल्लीची सगळी गोष्ट सांगून टाकली. त्या सकाळी मी मधे बोलले म्हणून घोटाळा झाला, तिला तिचं सांगून होऊ दिलं असतं तर काही झालं नसतं, गोळीची गरजच नाही. साहेब समजूतदारपणे हसले. "तुमच्या किल्लीवर आम्हाला कारवाई करता येत नाही हो." आणि आत्या माझ्यावर खेकसली, "तू गप्प बस. सही तुझी होती का?"

मग ती सिस्टरकडे वळली. "सिस्टर, वर्षभरात आपल्या खोलीतून किती सेट चुकीचे गेले?"

सिस्टरना रजिस्टर उघडावं लागलं नाही. "सतरा."

"त्यातला माझा एक. बाकीचे सोळा? कुणी कात्री कमी भरली, कुणी पट्टी लावायची राहिली, कुणी धुतलेला ट्रे सोडून न धुतलेलाच बांधला. का? विसरल्या. टक्क जाग्या होत्या आणि विसरल्या. त्यांना कुठली गोळी दिलीत साहेब?"

सिस्टरना अचानक खोकला आला आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला. साहेबांनी बोटांनी टेबल वाजवलं. मग पुढे झुकून म्हणाले, "हे बघा, मला तुम्हाला घालवायचं नाहीये. मी वाट काढतो. एका अर्थी तो खराब चिमटा तुमच्या स्वप्नानेच पकडला. जागेपणी कुणालाच दिसला नव्हता. आपण असं लिहू, की तुमच्या स्वप्नांचा कामाला उपयोग होतो. रोज सकाळी सिस्टरना स्वप्न लिहून द्या. त्यात जो सेट येईल तो उघडून पुन्हा तपासू. गोळी नको, काही नको."

मी खुर्चीतून उडायचीच बाकी होते. आत्याचा विजय ताटात वाढून समोर आला होता. तिने विचार केला, खरंच केला. तिची बोटं पदराच्या काठावर खटका बसवल्यासारखी दाबत होती.

"नाही," ती म्हणाली.

"का पण?"

"कारण ते खरं नाही. मी अठ्ठावीस वर्षं चिमटे आपटतेय, झोपेतही आपटते. एखादा उघडायचाच, आणि तो योगायोगाने तोच निघाला. स्वप्नाला काय कळतंय? उद्या मी लिहून देईन की बसला चाकं नव्हती, तर तुम्ही काय सगळ्या अॅम्ब्युलन्स तपासणार? आणि एकदा लिहून द्यायला लागले की तुम्ही विचारणार, आज कामाचं काही दिसलं नाही का, बाई? मग मी तुमच्यासाठी बघायला लागेन. दिवसाचे आठ तास तुमचे आहेत साहेब. झोपेतले माझे आहेत."

तेव्हा पहिल्यांदा साहेबांचा आवाज चढला. "अहो, पण मिळतं काय तुम्हाला त्यातून? असं असतं तरी काय त्या स्वप्नांत?"

"आज सकाळचं सांगते," आत्या म्हणाली. "एक मोठी खोली होती. मी फरशी पुसत होते. कितीही पुसली तरी फरशी ओली होत नव्हती. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी तुम्ही अठ्ठावीस वर्षांचं काम सोडायला निघालात?"

"एवढ्यासाठीच. फार सुंदर काही दिसत असतं तर त्याच्यासाठी कुणीही भांडलं असतं."

साहेबांनी ड्रॉवर उघडून दुसरा कागद काढला. तो आधीच टाइप करून ठेवलेला होता, म्हणजे वाट काढायची होती तीही एका हद्दीपर्यंतच. चादरींच्या खात्यात बदली. धुऊन आलेल्या चादरी मोजून घड्या घालायच्या. हुद्दा एक पायरी खाली. सहीचं काम नाही. आत्याने चष्मा लावला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तो कागद वाचला. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, मी स्वखुशीने बदली मागत आहे. आत्याने पेन उचललं आणि ती ओळ उभी आडवी खोडून टाकली.

"मी काही मागितलेलं नाही. तुम्ही करताय. तसं लिहा."

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ओळ लिहिली, गोळी घेण्यास नकार दिल्यामुळे बदली करण्यात येत आहे. आत्याने ती वाचली, बरोबर आहे म्हणाली, सही केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून शेजारी वेळ घातली. सिस्टर दारापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी आत्याचा दंड दाबला.

पुढची सहा वर्षं आत्याने चादरींच्या घड्या घातल्या. त्या खात्यात कुणी कुणाच्या भरवशावर पोट उघडत नव्हतं. हे तिला किती लागलं ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी चौथ्या मजल्यावरून उतरताना ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. "माझी सही गेली गं," एवढंच म्हणत होती. मी शेजारी बसले. लोक आम्हाला वळसा घालून चढत उतरत होते.

"आत्या," मी म्हणाले, "परत वर जाऊ या का? साहेब अजून खोलीतच असतील. रोज एक ओळ खरडून दिलीस की झालं."

"नाही." तिने पदराने नाक पुसलं. "रडू दे मला. आज रात्री यातलंच काहीतरी दिसणार बघ. साहेब, नाहीतर त्या चादरी, नाहीतर हा मेला जिना."

"मग?"

"मग काय? दिसू दे. उद्या सकाळी सांगते तुम्हाला."